सगळ्यांच्याच आईबद्दल लिहायचं कशाला?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा आहे. वय बेचाळीस, नोकरी कारखान्यात. चैत्रात आई गेली. त्यानंतर ते काहीबाही लिहू लागले आणि एका लेखन शिबिरात त्यांनी ते वाचून दाखवलं. शिकवणारे म्हणाले, "ही सगळ्यांचीच आई आहे. पदर, चूल, उपास, कष्ट. यात तुमचं काय?" ते विचारतात: माझं दुःख चारचौघांसारखंच असेल तर मी लिहूच नये का? आणि लिहून आयुष्याचा काही उलगडा होतो, की नुसतं मन हलकं होतं? लिहायला बसलो तरी सुचत नाही, असंही ते म्हणतात. पत्राच्या शेवटी त्यांनी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्यात. आई फोन ठेवताना दरवेळी म्हणायची, "ठेव आता, तुझं बिल वाढतंय." फोनवर बोलणं फुकट झालं तरी म्हणायची. आणि अकोले तालुक्यातल्या घरी तिचं जातं अजून परसात पडलंय. त्याचं काय करावं ते त्यांना आणि त्यांच्या बहिणीला सुचत नाही.

उत्तर

शिबिरातल्या सरांचा प्रश्न चांगला होता, पण त्याची वेळ चुकली. तुम्ही त्यातून काढलेला अर्थही चुकला. मी गेली तीसेक वर्षं मुळशी, मावळ, भोर भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकते आणि उतरवून घेते. लिहिणाऱ्यांची शिबिरंही घेते, पण तिथे जे शिकवते ते बहुतेक जात्यापाशीच शिकलेय. म्हणून उत्तरही तिथूनच देते.

आधी आकड्याचं सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी पुण्यातून, गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावरच्या संग्रहात त्यांतल्या कितीतरी वाचायला आणि ऐकायला मिळतात. या ओव्यांत विषय किती असतील? आई, बाप, भाऊ, लेक-लेकरं, नवरा, सासू, विठ्ठल, सीता, पाऊसपाणी, मरण. दोन्ही हातांच्या बोटांवर जवळजवळ सगळे मावतात. कुणाला न झालेलं नवं दुःख या ढिगात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. एवढ्या बायकांना, एवढी वर्षं, त्याच त्या दहा गोष्टींवर गावंसं का वाटलं असेल? हा प्रश्न मला 'यात तुमचं काय'पेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

वर्षं म्हणजे किती, तेही ऐका. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (११२९) महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. ज्ञानेश्वरांनी ओवी हाती घेतली तेव्हा ती निदान दीडशे वर्षं बायकांच्या हाताखालून गेलेली होती. मराठीतला सर्वांत थोर मानला जाणारा ग्रंथ ज्या छंदात आहे, तो घरकामातून आलाय. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी एक मूर्खपणा केला. प्रत्येक ओवीपुढे वहीत एक रकाना आखला होता: 'रचणारी'. बाई गायची, की मी विचारायचे, ही तुम्ही केली का? बाया एकमेकींकडे बघून पदराआड हसायच्या. आईकडून आली म्हणायच्या, नाहीतर जात्यानं दिली म्हणायच्या. एकच ओवी पलीकडच्या गावात एखाद्या शब्दाच्या फरकाने भेटली की मी दोन्हींतली 'मूळ' कोणती ते ठरवायला बसायचे आणि दुसरीवर 'चूक' अशी खूण करायचे. त्या खुणा आता वहीत बघवत नाहीत. जिला मी चूक म्हणत होते, तिथेच त्या बाईचं सगळं काम होतं.

हे नीट कळावं म्हणून एक ओवी घेऊ. ही मी आत्ता इथे जोडलेली आहे, कुणा गाणारीची नाही, तेव्हा उणं असेल ते माझं:

दळण सरत आलं, सुपात उरली मूठ
माउली मारी हाक, उजाडलं बाई ऊठ

पहिली ओळ तयार माल आहे. सरत आलेलं दळण, सुपातली शेवटची मूठ, असं हजार बायकांच्या तोंडात असतं. 'पहिली माझी ओवी', 'सांगून धाडते' अशा सुरुवातीही ठरलेल्या, कुणीही उचलाव्यात. यमक सोपं आहे, 'मूठ' आला की 'ऊठ' आपसूक येतो. आई हाक मारते, ही भावनाही सगळ्यांची. तुमच्या सरांनी वाचली असती तर विचारलं असतं, यात तुमचं काय?

आता ही ओवी सासरी दळणाऱ्या बाईच्या तोंडी घाला, जिची आई मागेच वारली. जात्यावर ती स्वतःच बसलीय, रात्र संपत आलीय, सूप रिकामं होतंय, आणि लहानपणी आई दळण आटोपून जशी उठवायची तशी हाक तिला ऐकू येते. तिला उठवायला आता कुणी नाही, म्हणूनच ती जागी आहे. आता एकच शब्द बदला:

दळण सरत आलं, सुपात उरली मूठ
सासूबाई मारी हाक, उजाडलं बाई ऊठ

कोंबडं आरवायच्या आधीपासून ही दळतेय, सूप संपवत आणलंय, आणि आत्ता डोळे उघडलेली सासू आतून म्हणतेय, उजाडलं, ऊठ! ऐकणाऱ्या बाया खुदकन हसतील. तीच ओवी, तीच चाल, आणि आता तिला धार आली. तिसऱ्यांदा 'लेकीला मारते हाक' म्हणून बघा. गाणारी आता स्वतःच आई झालीय, आणि पोरीला उद्या सासरी कोण कसं उठवेल ही काळजी न सांगता ओवीत शिरलीय. एका शब्दाची जागा मोकळी होती, तिथे जी ती आपलं माणूस ठेवून गेली. बाकी सगळं सार्वजनिक. गावच्या पाणवठ्यासारखं म्हणा हवं तर, पाणी सगळ्यांचं आणि घागर ज्याची त्याची.

लिहिणाऱ्यांना मी सांगते की नवी भावना शोधू नका, मोकळी जागा शोधा. तुमच्या पत्रात ती आहे, पण तिच्याकडे मी जरा वेळाने येते.

इथे लोक हटकून बहिणाबाई चौधरींचं नाव काढतात. लिहिता-वाचता न येणारी बाई, घरा-शेतातली कामं करता करता गाणी करणारी. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलाने, कवी सोपानदेवांनी, ती छापून आणली. मला त्या फार आवडतात, पण अशा उत्तरात मी त्यांना मुद्दाम बाजूला ठेवते. असामान्य माणसाचा दाखला दिला की साधा माणूस पेन खाली ठेवतो. मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत आणि त्यांतल्या बहुतेकींना आपण कवी आहोत असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता 'सगळ्यांचं दुःख' याबद्दल. डोंगरातल्या एका वस्तीवर एक आजी गात होत्या. ओव्या पोटच्या पोराच्या मरणाच्या, एकामागून एक दहा-बारा. समोर जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई गप्प होती, नुसतं दळत होती. माझ्याच घशात आवंढा आला. गाणं थांबल्यावर मी हळूच विचारलं, किती वर्षांचा होता हो तुमचा मुलगा? आजी म्हणाल्या, माझा मुंबईला हाय की, गोदीत कामाला. पोर गेलं ते हिचं. हिला गळा न्हाई.

गळा म्हणजे या भागात नुसता आवाज नाही, ओवीची चालही. समोरच्या बाईला ओवी धरता येत नव्हती, म्हणून शेजारीण तिचं दुःख तिच्यासमोर गात होती, आणि ती तेवढा वेळ खुंटा ओढत होती. कितीतरी दिवस मी विचार करत होते की या प्रकाराला काय म्हणायचं. आत्मकथन म्हणता येत नाही, कारण ते गाणारीचं नव्हतं. कल्पित म्हणता येत नाही, कारण ज्याचं मरण होतं त्याची आई समोर बसली होती. आजींनी त्या बाईच्या मुलाबद्दल नवीन असं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त तो सकाळी कोणत्या वाटेने बाहेर पडायचा, त्या वाटेचं नाव एका ओवीत होतं, आणि त्या ओवीला समोरची बाई पहिल्यांदा रडली. ते नाव मात्र मी वहीत घेतलं नाही.

म्हणून सरांच्या प्रश्नाला उलटा प्रश्न जोडते. 'यात तुमचं काय' विचारायचं, तसंच 'यात आमचं काय' हेही विचारायचं. नुसतंच तुमचं असलेलं लिखाण तुमच्यापाशी राहतं. नुसतंच आमचं असलेलं शुभेच्छापत्रावर जातं. शिबिरात तुम्ही वाचलेलं बहुधा दुसऱ्या प्रकारचं झालं असेल, पण त्यावर औषध सोपं आहे. वाटेचं नाव घालायचं.

तुम्ही हेही लिहिलंय की बसलो तरी सुचत नाही. आपल्याकडे म्हण आहे, जात्यावर बसलं की ओवी सुचते. लोक ती चेष्टेने वापरतात, मी शब्दशः घेते. एकदा आम्ही आठ-दहा बायकांना तालुक्याच्या गावी एका शाळेच्या वर्गात बोलावलं, बाकावर बसवलं, माइक लावला. ज्या बाया गावात तासभर थांबत नव्हत्या त्यांना तीन-चार ओव्यांपुढे आठवेना. एकीने शेवटी बाकाच्या कडेला उजवा हात लावला आणि गोल फिरवायला लागली, तशा ओव्या यायला लागल्या. बाकीच्यांनीही हात फिरवायला घेतले. बाहेरून बघणाऱ्याला वेडाचा प्रकार वाटला असता. गिरण्या आल्या तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये, रोज पहाटे तीनला उठून दळणारीला तर मुळीच विचारू नये. पण हात थांबले तशी ओवी लग्नातल्या हळद दळण्यापुरती उरली.

तुम्ही कारखान्यात काम करता. हाताला सवय असलेलं काहीतरी करताना मनात जे येतं ते आणि टेबलाशी बसून 'आता आईवर लिहू' म्हटल्यावर येतं ते, यांत फरक दिसेल. तुमच्या आईचं एखादं काम घ्या. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, काहीही. अर्धा तास तेच करा आणि मग लिहायला बसा. हे ऐकून शिबिरातले काहीजण मला हसतात. हसू देत.

उलगड्याबद्दल विचारलंत. इथे मी जरा अडखळते, कारण यावर मी माझ्याच सहकाऱ्यांशी भांडलेय.

सीतेच्या ओव्या घ्या. बायकांच्या ओव्यांतली सीता राजवाड्यातली नसते. तिला सासुरवास असतो, कैकयी ही तिची सासू असते, आणि वनवासाला निघालेल्या सीतेच्या मागे गाणारी आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन निघते. नवऱ्याने टाकलं, दोष नसताना बोल लागला, रानात एकटीने बाळंत व्हावं लागलं, हे सांगायला तिला सीता पुरते. 'माझंच असं का' या प्रश्नाचं उत्तर त्या ओवीत कुठेही नाही. फक्त तो प्रश्न आता एकटीचा राहत नाही. आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणायचा की हीच खरी अडचण आहे. सीतेलाही चुकलं नाही असं म्हणत बाई तिथेच बसून राहते, ओवीने तिची वाफ जाते आणि सकाळी ती पुन्हा त्याच घरात भाकऱ्या थापते. तो अर्धा बरोबर होता. ओवीने कुणाचा नवरा सुधारला नाही.

पण बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या भीमरायाच्या ओव्या ऐकल्या की चित्र बदलतं. जिथे आधी देवाचं किंवा भावाचं नाव असायचं, त्याच मोकळ्या जागेत दलित बायकांनी बाबासाहेबांना बसवलं, रमाईला बसवलं. चाल जुनी, खुंटा तोच, दगड तोच. एवढ्या बदलाने ओवीतून दिसणारं जगच बदललं. ओवीत 'आपलं माणूस' कोण ते ज्या बाईने ठरवलं, तिने तेवढ्यापुरतं का होईना, आपण कोण हेही ठरवलं. वाफ गेली म्हणून हे होत नाही. म्हणून माझं मत असं की ओवीने उलगडा होत नाही, जुळणी होते. सुटे पडलेले तुकडे एका चालीत बसतात. पुढे त्याचं काय करायचं हे जिचं तिने बघायचं. मन हलकं होतं का? कधी होतं, कधी जड होतं. त्या वस्तीवरची ती बाई गाणं संपल्यावर हलकी वाटली नाही मला. पण तिने उठून पीठ डब्यात भरलं.

आता तुमच्या मोकळ्या जागेकडे. "ठेव आता, तुझं बिल वाढतंय." हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, लाजत घातलंय, जणू मूळ विषयाशी त्याचा संबंध नाही. शिबिरात हे वाचलं होतं का? मला खात्री आहे की नाही. तिथे तुम्ही पदर आणि चूल वाचलीत, कारण आईवर लिहायचं म्हणजे ते लिहायचं असतं असं आपल्याला वाटतं. या एका वाक्यात केवढं काय आहे बघा. गावातून शहरात गेलेलं पोरगं, एसटीडीच्या बूथवर पळणारं मीटर, पैशाचं भय, आणि बोलणं आवरताना 'जपून राहा' म्हणायला जीभ न वळणारी पिढी. पोराचे पैसे वाचवणं ही त्यांची माया सांगायची रीत होती. फोन फुकट झाल्यावरही तिने वाक्य बदललं नाही, म्हणजे ते बिलाबद्दल नव्हतंच. हे वाचून अमरावतीचा कुणी, सोलापूरचा कुणी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसेल. त्याच्या आईचं वाक्य वेगळं असेल, पण जागा तीच.

तेव्हा लेख लिहू नका. पुढचे दोन महिने तिच्या तोंडच्या वाक्यांची फक्त यादी करा. विशेषणं नकोत, 'माझी आई फार प्रेमळ होती' वगैरे नको. वाक्य, ते ती कधी म्हणायची, त्या वेळी तिच्या हातात काय होतं. बहिणीलाही सांगा, पण तिची यादी वेगळी, एकमेकांना न दाखवता. लेकीशी आई वेगळं बोलते. मग एका रविवारी दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीने एकेक वाक्य वाचा. ओवी तशीच चालते, एकीने धरायची, दुसरीने उचलायची. काही वाक्यं दोघांकडे सारखी निघतील, ती तुमची पहिली ओळ. एकाकडेच निघतील त्यांवर काम करा. एखाद्या वाक्यावरून भांडणही होईल, 'आई असं कधी म्हणायचीच नाही' म्हणून. ते भांडणही लिहून ठेवा, फार उपयोगी पडतं.

आणि जातं. त्यावर तुळस लावू नका, घरात शोभेला ठेवू नका, असं माझं मत. विकूही नका. दोन्ही दगड शाबूत असतील तर ते चालतं. खालची तळी जमिनीत घट्ट बसायला हवी, हलली तर दळण एका बाजूला जाडं पडतं. वरच्या पाळीची आतली बाजू हाताने चाचपून बघा, गुळगुळीत लागली तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचे मारून खडबडीत करून, घ्यावी लागेल. पूर्वी टाकी लावणारे हाळी देत गावोगाव फिरायचे. आता पाटा-वरवंटा विकणारे कुठे दिसले तर त्यांना विचारा, किंवा आठवडी बाजारात चौकशी करा. खुंटा सैल झाला असेल तर चिंधी गुंडाळून ठोकून बसवा. बहिणीला समोर बसवा. वैरण, म्हणजे दळायचं धान्य, एकेक मूठच घाला, घाई केली तर भरड निघते. टाकी नवी असेल तर पहिलं दळण जोंधळ्याचं, पण अगदी थोडंच घ्या आणि ते पीठ खाऊ नका, दगडाची कच येते. ते गाईला नाही, शेणखतातच टाका.